मामीने शिजवलेले नमुने

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी तरोटा, म्हणजे टाकळा, मागून घेतला. मागणं हा माझा स्वभाव नव्हे, म्हणून ते लक्षात राहिलं आहे. एकच रानझाड मुरमाड जमिनीत आणि खतावलेल्या जमिनीत वाढलं, तर पानांतल्या कडू द्रव्यांत फरक पडतो का, हे मला बघायचं होतं. किड्यांनी आणि गुरांनी खाऊ नये म्हणून झाड ही द्रव्यं तयार करतं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत कोवळी पानं आण. नाही जमलं तर मूग उगवून दाखव." मूग दरवर्षी कोणीतरी उगवून दाखवतच असे.

तरोटा पंधराएक दिवस कोवळा असतो, मग जून होतो. शुक्रवारी मी देवरीच्या बसमध्ये बसले आणि मामाच्या गावी गेले. शनिवारी दिवसभर वाकून पानं खुडली. पाच पुड्या बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवरच्या, तिथे नुसता मुरूम. आणि पाच गोठ्यामागच्या खताच्या खड्ड्याजवळच्या. प्रत्येक पुडीला दोऱ्याने इंग्रजी चिठ्ठी बांधली. मामीने दोनदा विचारलं, "काय करून राहिली वो?" मी दोन्ही वेळा "प्रोजेक्ट" म्हटलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हे सगळं मला नीट समजावून सांगता आलं असतं, फक्त मराठीत नाही. आणि चुकीचं मराठी बोलण्यापेक्षा गप्प बसणं मला नेहमीच बरं वाटत आलं आहे. पुड्या पडवीत मांडून मी अंघोळीला गेले.

जेवायला तरोट्याची भाजी होती. लसूण, सुकी मिरची, भिजवलेली चणाडाळ. पडवीकडे नजर गेली, तर कागद घडी करून एका बाजूला ठेवले होते.

"पोरीनं दिवसभर वाकून भाजी खुडली," मामी मामाला सांगत होती. "नाहीतर शहरातल्या पोरी. कशी झाली वो?"

"छान झाली," मी म्हटलं.

"कडू लागून राहिली," मामा म्हणाला.

"लागनच. अर्धी पाळीवरली होय. पाळीवरला तरोटा कोणी खाते का? दोनदा पाणी काढलं तरी कडूपणा जात नाही. तिले काय मालूम."

माझ्या प्रकल्पाचा निष्कर्ष पहिल्याच घासाला निघाला होता. मी तो पाण्याबरोबर गिळला. चिठ्ठ्यांचं विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी चूल पेटवायला मदत केली.

रविवारी सकाळी मामी टोपली घेऊन तयार. "चाल, तुले चांगली भाजी कुठं भेटते ते दाखवतो." ती थेट खताच्या खड्ड्याकडे निघाली. दोनची बस होती. गप्प राहिले असते, तर परत जाताना माझ्याजवळ टोपलीभर गोड पानं आणि पुढच्या वर्षभराचा मूग असता.

"मामी, मला कडू पण पाहिजे."

"कडू कायले?"

मग मी सांगितलं. मुरमात झाडाला एकेक पान कष्टानं फुटतं. एक गेलं तर दुसरं कधी येईल, नक्की नसतं. म्हणून आहे ते पान झाड कडू करून ठेवतं. खड्ड्याजवळच्या झाडाला फिकीर नसते. आज खाल्लं तर उद्या नवं येतं. एवढं सलग मराठी मी त्याआधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मामीने डोक्यावरचा पदर नीट केला. "हे तं आमाले मालूम होतं, पण काऊन ते नवतं मालूम. मंग काल काऊन नाही बोलली? आमी काय तुयी पानं खाऊन टाकलो असतो?"

"खाल्लीच नं," गोठ्यातून मामा म्हणाला.

पाळीवर मी कालच्याच जागी बसले, तर मामीने मला उठवलं. "इथं नको. दुपारी बकऱ्या इथंच बसते, लेंड्या पाह्य किती. इथला गोडच निघन." कालच्या पाचांपैकी दोन पुड्या मी तिथूनच भरल्या होत्या. त्या प्रयोगशाळेत पोचल्या असत्या, तर माझ्या आकड्यांनी कशाचाच पत्ता लागू दिला नसता. म्हणजे मामीने माझे नमुने शिजवून माझा प्रकल्प वाचवला होता. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. एका दिवसात तेवढं बोलणं पुरे वाटलं.

मामीने दाखवलेल्या जागांवरून भरलेल्या नव्या पुड्यांचे आकडे स्वच्छ आले. मुरमावरची पानं सरळसरळ जास्त कडू. जागा इतकी नेमकी कशी निवडली, असं तोंडी परीक्षेत विचारलं. मी म्हटलं, "आधी पाहणी केली होती, सर." सर खूश झाले. आभाराच्या पानावर सर आले, प्रयोगशाळेतले सगळे आले, आईवडील आले.

दिवाळीत मामीने विचारलं, "त्या कडू पानाचं काय झालं वो?"

"पास झाले."

"आमच्या बकऱ्यायचं लिवलं का त्यात?"

"लिहिलं," मी म्हटलं. प्रबंध इंग्रजीत होता. तिने तो बघायला मागितला, मांडीवर घेतला, पानं सावकाश उलटली आणि पाळीच्या फोटोवर थांबली. खूप वेळ बघून म्हणाली, "बकऱ्या तं दिसून नाही राहिल्या."