म्हशीला सांगितलेलं बोलणं

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वाटणी झाली तेव्हा अंगणात कमरेएवढी भिंत घातली, पण नळ एकच राहिला आणि तो तिच्या बाजूला गेला. आमचा अबोला सहा वर्षांचा. कारण सांगायलाही लाज वाटते. तिच्या लेकीच्या लग्नात मी तिला आहेराचं लुगडं दिलं आणि ते नेमकं तिनंच मला कधीतरी दिलेलं निघालं. आहेराची लुगडी घरोघर फिरतात हो, कुणाचं कुणाकडून आलं याची चिठ्ठी लावून पेटीत ठेवावी लागतात. मी ठेवली नव्हती. तिनं काठावरून ओळखलं.

तेव्हापासून ती मला जे काही बोलायची ते भिंतीशी बांधलेल्या म्हशीला सांगून. मीही उत्तर द्यायचं ते म्हशीलाच. बिचारीनं दोघींचं ऐकून घेतलं.

चकलांब्याकडच्या आमच्या गावात आठ दिवसांनी पाणी सुटतं. त्या दिवशी सकाळी साडेसहाला सुटलं. धार बारीक व्हायला लागली तशी आक्कानं माझी घागर उजव्या हातानं बाजूला सारली, आपली लावली आणि म्हशीला म्हणाली, "बघ गं बाई, काही माणसांना ज्याचं घेतलं त्यालाच आहेर म्हणून द्यायची सवय. पाण्याची तरी लाज धरावी का न्हाई?" मी माझी घागर घेऊन घरात आले. चूल पेटवत होते तेवढ्यात पलीकडं नळाची धार थांबली आणि घागर आदळल्याचा आवाज झाला. मोठा झाला. मनात म्हटलं, आदळ, अजून आदळ. उठले नाही.

तिचा लेक रात्रभर शेतात गहू भिजवायला होता, कारण वीज रात्रीचीच. तो आठला आला आणि त्याची हाक ऐकून मी भिंत ओलांडली. आक्का उंबऱ्यात पडली होती, तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी, सगळीकडं पाणी. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघत होती.

"अंगावरून वारं गेलं," माणसं जमून म्हणाली. कुणी लकव्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता सांगितला, कुणी कबुतराचं रगत चोळा म्हणालं. गावातला डॉक्टर मात्र गाडीच्या दारात उभा राहून म्हणाला, "कुठंच थांबू नका. थेट संभाजीनगर गाठा." पुतण्या पुढं, मी मागं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाला हात लावला.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूला रक्त नेणारी एक मोठी वाहिनी रक्ताच्या गाठीनं बंद झाली होती. डॉक्टर तरुण होते, आम्हाला समजेल असं बोलले. जांघेतून बारीक नळी आत घालायची, ती वर मेंदूपर्यंत न्यायची, जाळीत गाठ धरायची आणि ओढून काढायची. विहिरीत पडलेली घागर गळ टाकून काढतात, अगदी तसं. पण आधी त्यांनी विचारलं, "यांना शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं होतं?"

पुतण्या म्हणाला, "रात्री नऊला, सर. मग मी भिजवायला गेलतो. सकाळी बघतो तर पडल्याली."

डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं. पावणेबारा झाले होते. "म्हणजे रात्रीपासूनच धरावं लागेल. तसं असेल तर आणखी तपासण्या कराव्या लागतील, आणि कदाचित नळी न घालणंच बरं ठरेल. मेंदूचा भाग मेला असेल आणि त्यात परत रक्त सोडलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो."

मला तोंड उघडायचं नव्हतं. उघडलं तर सगळंच बाहेर येणार होतं.

"सकाळी सातला ती धड होती," मी म्हणाले. "नळावर होती."

"बोलत होत्या का? शब्द स्पष्ट होते?"

"लई स्पष्ट."

"तुमच्याशी बोलल्या?"

"म्हशीशी."

त्यांनी पुतण्याकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "आमच्या घरी तसंच हाय, सर."

मग मी आक्काचं ते अख्खं बोलणं त्या थंडगार खोलीत, दोन नर्सांसमोर, एकही शब्द न गाळता म्हणून दाखवलं. आणि त्याच्या पुढचंही सांगितलं. सव्वासातला घागर पडल्याचा आवाज मी ऐकला होता. पाणी बंद झालं आणि तो आवाज आला, म्हणून वेळ पक्की. पुतण्यानं पाणी सोडणाऱ्याला फोन लावून विचारलं. त्यानं सव्वासातलाच बंद केलं होतं.

डॉक्टर उठले. पुतण्यानं सही केली आणि आक्काला आत नेलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघंच. तो म्हणाला, "काकू, आवाज ऐकला तर आला न्हाईत कावून?"

"रागानं आदळली वाटलं रे."

तो उठून गेला. नंतर चहा घेऊन आला, एक कप माझ्याजवळ ठेवला आणि जाऊन दुसऱ्या बाकावर बसला. त्या चहाला मी हात लावू शकले नाही.

तासाभरानं डॉक्टरांनी पांढऱ्या कापडावर ती गाठ दाखवली. गव्हाच्या दाण्याएवढी, काळपट. मी अर्धा जन्म दाणे निवडण्यात घालवला, त्यात असा एक असता तर बोटानं उडवून दिला असता.

आक्का वाचली. चार दिवसांनी पाय हलला, हात मात्र मागं राहिला. बोलणं तर फारसं आलंच नाही. दोन-चार शब्द येतात, तेही मध्येच अडकतात, मग ती डोळे मिटून घेते. लवकर आणलं म्हणून एवढं तरी, असं डॉक्टर म्हणाले. लवकर. सव्वासात ते आठ हा पाऊण तास मी मनातल्या मनात रोज मोजते. त्यांना विचारलं नाही, की मी उठले असते तर किती शब्द राहिले असते.

आता भिंतीवरून मीच बोलते. म्हशीला नाही, तिलाच. भाजी काय केली, कोण आलं, कोण गेलं. ती ऐकते. लुगड्याची माफीही मागून झाली. तिनं फक्त मान वळवली. माफ केलं की नाही, कळायला मार्ग नाही.

परवा पाणी सुटलं. तिची घागर मीच भरते, म्हणून आधी तीच लावायला गेले, पण सवयीनं माझी लागली. आक्का काठी टेकत आली. काठी डाव्या हातात होती. उजवा हात हळूहळू उचलला, माझ्या घागरीच्या काठाला लावला आणि ढकलली. घागर जेमतेम चार बोटं सरकली, पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

 मी माझी घागर उचलली आणि बाजूला उभी राहिले.