सारिकाचा तांब्याचा तुकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बोलायचं म्हटलं की मला मुळातच शब्द सापडत नाहीत — आणि यासाठी तर मी ते कधी शोधलेच नाहीत.

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना सारिका आणि मी एका खोलीत राहायचो. ती कवठे महांकाळकडची. घरी मेंढरं आणि थोडी जिरायत. मी साताऱ्याची, इंग्रजी शाळेतली. तिचे रिपोर्ट मी तपासून द्यायचे, स्पेलिंगसकट. मला ते आवडायचं — ती विचारणार, मी सांगणार. लपवून काय करू?

मग एकदा वर्गात सरांनी विचारलं, धातू वाकवला की कडक का होतो? मला पुस्तकातलं वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं नाही. सारिका म्हणाली, "सर, कुंपणाची तार वाकली की परत तिथंच सरळ होत न्हाई. शेजारी वाकती. वाकलेली जागा लय कडक झालेली असती."

सरांनी खडू खाली ठेवला. "हिला धातू कळतो," म्हणाले.

मी आयुष्यात कधी तार वाकवली होती? सरांचे ते तीन शब्द महिनाभर खुपत राहिले.

उन्हाळ्यात आमच्या वर्गातल्या एकालाच मोठ्या प्रयोगशाळेत पाठवणार होते, ज्याचा प्रयोग सगळ्यांत चांगला त्याला. सारिकाचा नमुना तांब्याचा, रोलरखालून काढून चपटा केलेला. असा थंडच दाबलेला धातू आतून विसकटतो, अणूंच्या रांगा मोडतात, आणि त्या मोडतोडीत थोडी ऊर्जा अडकून राहते. तापवला की ती बाहेर पडते — एकदाच. यंत्र ती मोजतं, आलेखावर उंचवटा येतो.

गावच्या जत्रेला जाताना तिनं तो तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला. "जप गं. तुझ्याशिवाय कुणाकडं ठिवू?"

शनिवारी माझे नमुने भट्टीत घालायचे होते. मी तिचाही घातला. चुकून? नाही. अर्धा तास घड्याळ बघत उभी होते. तो काळवंडला, तर ॲसिडमध्ये बुडवून, घासून पुन्हा चकचकीत केला. बाहेरून अगदी तसाच. आणि त्याच कागदात गुंडाळला.

सोमवारी तिचा आलेख सपाट आला. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "रोलिंग केलंच नाहीस ना? तयार पत्र्याचा तुकडा आणलास. मग खोटं कशाला लिहिलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रोलिंग करत होती तेव्हा मी शेजारीच उभी होते — मी नुसतं 'केलंय सर' म्हणायचं होतं. मी वहीत बघत राहिले.

उन्हाळ्यात मी गेले.

सारिका आता तासगावला बँकेत आहे. गेल्या महिन्यात फोनवर हसत म्हणाली, "आगं, तवा घाईत माझ्याकडनंच तुकडा बदलला गेला आसंन. ते काम आपलं न्हवतंच बघ."

मी म्हणाले, "असेल गं."