पॅकबंद खाऊ

काल आमच्या सोसायटीतली पोरं भुतं होऊन दारोदार खाऊ मागत फिरली. हॅलोविन म्हणतात त्याला. समोरच्या दारातली मिहिका माझ्याकडे आली, तोंडभर काळं फासून. आमच्या वेळी पोराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची एवढीशी तीट लावायचे. आता अख्खं तोंड काळं करतात, तरी भीती म्हाताऱ्याच्या हाताची!

मी तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, सकाळी स्वतः वळलेला. तिच्या आईनं तो उचलून मला परत दिला. म्हणाली, "काका, राग मानू नका. सगळ्यांनी ठरवलंय, पॅकबंद असेल तेच मुलांनी घ्यायचं."

नियम चुकीचा म्हणणार नाही मी. दिवस वाईट आहेत, पोर जपलंच पाहिजे. पण ही मिहिका तापानं फणफणली आणि तिच्या आईला रजा मिळेना, तेव्हा दिवसभर माझ्याच मांडीवर झोपली होती. तेव्हा मी कुठं पॅकबंद होतो?

"आजोबा, मला बघून घाबरलात ना?" मिहिकानं खुशीत विचारलं.

"घाबरलो गं बाई," मी म्हणालो, आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला उचललेला हात मागं घेतला.