एकोणतीस चोक किती?

लग्नासाठी मला पहिला नकार आला तेव्हा मी दहावीत होतो, आणि मी कुणालाही मागणी घातलेली नव्हती.

आम्ही गेलो होतो हुरडा खायला. (हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आजवर कुणी शपथ मागितली नाही, ही गोष्ट वेगळी.) आणि गेलो होतो ते आमच्या वडिलांमुळे, म्हणजे अण्णांमुळे. अण्णा नगरला एका कचेरीत कारकून होते. सोमवार ते शनिवार खाली मान घालून काम करायचे, पण रविवार उजाडला की त्यांच्या अंगात यायचं. "रविवारी घरात बसलेला माणूस सोमवारी आजारी पडतो," हा त्यांचा सिद्धान्त! त्यापायी नगरच्या आसपासचं एकही ठिकाण आम्ही सोडलं नव्हतं. डोंगरगण झालं, नेवासा झालं, आणि चांदबिबीच्या महालावर तर इतक्यांदा गेलो होतो, की तिथला राखणदार आईला 'वहिनी' म्हणायला लागला होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा होता तो. रानात ज्वारी दुधावर आलेली. अण्णांच्या कचेरीतल्या काळ्यांनी आमंत्रण दिलं, "रविवारी या आमच्या मळ्यावर, तिसगावला. मी आदल्या दिवशीच जातोय. स्टँडवर कुणालाही विचारा, तात्यांचा मळा. तात्या म्हणजे माझे थोरले भाऊ."

एका गावात तात्या किती असू शकतात, याचा विचार काळ्यांनी केला नाही. अण्णांनीही केला नाही. आमच्या घरी विचार करण्याचं खातं आईकडे होतं आणि तिला कुणी विचारलं नाही.

माझ्या दृष्टीने त्या रविवाराचं महत्त्व वेगळंच होतं. त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली फुलपँट घालणार होतो! वर्गातली निम्मी मुलं फुलपँटीत आली होती आणि मी ताडमाड वाढूनही हाफपँटीत! बाकावर उभं राहण्याची शिक्षा झाली (आणि ती मला गणिताच्या तासाला नेमाने होई) की मागच्या बाकावरून माझ्या गुडघ्यांवर शेरे येत. शेवटी आईने मामाची जुनी पँट उसवून माझ्या मापाची करून दिली. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट. ओठावर चार केस होते, त्यांना मी मिशी म्हणत असे. फक्त आवाज फुटला होता. बोलायला लागलो की पहिला शब्द भीमाचा आणि दुसरा शकुंतलेचा. म्हणून आईची सक्त ताकीद होती, "बाळू, चारचौघांत तोंड उघडू नकोस."

उंच, पांढराशुभ्र आणि गप्प. आता विचार करतो तेव्हा वाटतं, मीसुद्धा मला नवरदेवच समजलो असतो.

करंजीच्या घाटात धाकट्या बेबीला ओकारी झाली. नेम माझ्या पँटीवर होता, पण मी वेळेत पाय उचलले. तिसगावला उतरलो तर स्टँडवर एक फेटेवाले गृहस्थ उभे. आम्हाला पाहून लगबगीने पुढे आले.

"नगरचं पाव्हणं का?"

"हो. तात्यांच्या मळ्यावर..."

"चला की मंग! तात्या सकाळधरनं वाट बघायलेत!"

अण्णा खूश. "बघा, काळ्यांची व्यवस्था," असं ते आईला दोनदा म्हणाले.

मळ्यावर पोचलो तर अंगणात सतरंज्या अंथरलेल्या, सडा घातलेला, पंधरा-वीस माणसं डोक्याला फेटे बांधून बसलेली. हुरडा खायला एवढे फेटे कशाला, हा प्रश्न मला पडला, पण तोंड उघडायची बंदी! शेजारीच विहीर, आणि विहिरीवर पाण्याचं इंजिन फटफट करत होतं. त्या आवाजात शेजारच्याचंही धड ऐकू येत नव्हतं. तात्या म्हणजे दणकट, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांनी हात जोडले. आई आणि बेबीला बायका आत घेऊन गेल्या. काळे कुठे दिसेनात. "येईल मागून," असं म्हणून अण्णा लोडाला टेकले.

तात्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "ह्येच का चिरंजीव?"

"हेच," अण्णा अभिमानाने म्हणाले.

"बोलत न्हाईत?"

"आवाजाचा थोडा प्रॉब्लेम आहे."

फेट्यांमध्ये कुजबुज झाली.

मग तात्या घसा खाकरून, इंजिनावर आवाज चढवून म्हणाले, "तर पाव्हणं, मोकळंढाकळं बोलू. तुमची अपेक्षा काय?"

"अहो, अपेक्षा कसली!" अण्णाही ओरडले. "मानपान नको, जेवणावळी नकोत. आम्हाला फक्त हुरडा हवा!"

तात्यांचा चेहरा उतरला. "हुंडा?"

"हो, हुरडा! त्याच्यासाठीच तर आलोय एवढ्या लांब!"

"...किती?"

"आता किती काय सांगायचं! पोटभर! आणि थोडा बरोबर बांधून द्या. शेजाऱ्यांनी सांगितलंय, आमच्यासाठीही आणा!"

इतका निर्लज्ज माणूस त्या मळ्याने तोवर पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्याने तपकीर ओढायची थांबवली. तात्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "आवो, साल कसलं हाय, तुमी बघताच. आन् हिच्या पाठीवर आनखी दोन पोरी हायत मला..."

"मग त्यांनाही बोलवा की!" अण्णा उदारपणे म्हणाले. "सगळ्यांनाच घेऊ बरोबर!"

इकडे अण्णा माझ्या नावावर तीन-तीन मुली घेत होते, तेव्हा आत स्वयंपाकघरात आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिथे एक मुलगी नवं लुगडं नेसून, नाक लाल करून बसली होती. ही कुसुम. नववीत होती. तिची आई पोह्यांवर खोबरं भुरभुरत आमच्या आईला सांगत होती, "वैनी, मनात आनू नका. शाळंपायी रडतीया. म्याट्रिक व्हायचं म्हन्ती. ह्यो तिचा बाप कटाळला आन् भावकीसमोर बोलून बसला, की नवरा तुज्याहून हुश्शार निगाला तर गप लगीन करायचं, न्हाई निगाला तर हो म्याट्रिक. आता नगरचा नोकरीवाला मुलगा, त्यो काय हिच्याहून कमी असनार हाय?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, 'अहो, गैरसमज होतोय, आम्ही ते पाहुणे नव्हेच.' आमच्या आईने कुसुमच्या लाल नाकाकडे पाहिलं. मग खिडकीतून बाहेर माझ्याकडे पाहिलं. आणि ती गप्प बसली. कुसुमला तिने एवढंच विचारलं, "पाढे कुठपर्यंत येतात गं?"

"तिसापर्यंत," कुसुम म्हणाली.

"छान. एकोणतीसचा विचार हं." (हे सगळं बेबीने मला परतीच्या एस.टी.त सांगितलं. करंजीच्या घाटात मलाही मळमळलं ते त्यामुळेच असावं.)

पोहे आले. कुसुमच्या मागोमाग आईही अंगणात आली आणि तात्यांना मोठ्याने म्हणाली, "तात्या, नेहमी मुलीलाच का प्रश्न? आज तिलाही विचारू द्या की आमच्या बाळूला!"

फेट्यांमध्ये खळबळ उडाली. पण तात्यांच्या डोक्यात अजून पोटभर हुंडा फिरत होता. या लोभी माणसाच्या पोराची जरा फजिती झाली तर त्यांना हवीच होती. "इचार गं पोरी! आन् आरं, ते इंजान बंद करा!"

इंजिन बंद झालं. मळा एकदम शांत झाला. मी मात्र शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.

आधी तात्यांनी विचारलं, "शिक्षान किती?"

"दहावी," मी भीमाच्या आवाजात.

"झाली?"

"चालू आहे!" मी शकुंतलेच्या.

"नोकरीवाला मानूस अजून धाव्वीत?" तपकीरवाला म्हातारा कळवळला. "किती येळा बसलाय रं लेका?"

कुसुमने मान वर केली. खणखणीत आवाजात म्हणाली, "एकोणतीसचा पाढा म्हना."

शाळेत हा पाढा आम्ही सगळे मिळून एका सुरात म्हणायचो आणि त्या सुरात मी फक्त ओठ हलवायचो. इथे कोरस नव्हता. मी उभा राहिलो. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." इथवर दोन्ही आवाजांत पार पडलं. "एकोणतीस त्रिक... सत्त्याऐंशी!" अण्णांनी मान डोलावली. "एकोणतीस चोक..."

चोक कुठे गेलं कुणास ठाऊक. मी विहिरीकडे पाहिलं. बैलांकडे पाहिलं. बेबी ओठांनी काहीतरी सांगत होती, पण तिच्या तोंडात पोहे होते. अण्णा उपरण्याखाली बोटं मोजू लागले आणि त्यांचीही बोटं संपली. "एकशे... अठरा?" मी विचारलं. पाढा विचारायचा नसतो, म्हणायचा असतो, हे तेव्हा सुचलं नाही.

आणि मग कुसुमने म्हटला! खडाखडा, एका दमात, चोकाला एकशे सोळा ठणकावून, थेट 'एकोणतीस दाहे दोनशे नव्वद'पर्यंत. कुणी मागितलं नव्हतं तरी तिथून मागे वळून तो उलटाही म्हटला. पाढा उलटा येतो हेच मला त्या दिवशी कळलं. खरं सांगतो, स्वतःची इतकी अब्रू जात असताना मी समोरच्यावर इतका खूश कधीच झालो नाही. टाळी वाजवावीशी वाटली, पण नवरदेवाने टाळ्या वाजवणं बरं दिसलं नसतं.

"तात्या, मला ह्यो नवरा नको," कुसुम म्हणाली. "मी धाव्वीत जाईन तवाबी ह्यो धाव्वीतच असंल."

सगळा मळा हसला. तात्या हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. माझ्या जन्मदात्या आईला माझ्यावर केवढा विश्वास होता, ते मला उमगलं!

"राहू द्या हो ते," हसू ओसरल्यावर, इंजिन बंद असलेल्या त्या शांततेत अण्णा काकुळतीने म्हणाले. "उन्हं वर आली. हुरडा कधी मिळायचा?"

तात्यांच्या हातातली पोह्यांची बशी कलली. "काय म्हनला? हु-र-डा?"

"हो. काळ्यांनी बोलावलं होतं ना!"

आईने मग सगळं शांतपणे उलगडून सांगितलं. स्वतःला गैरसमज कधी कळला, तेवढं सोडून. तात्या आधी लाल झाले, मग असे हसले की लोडावर आडवे झाले. "आरं द्येवा! हुरडा व्हय! मला वाटलं, बाबाला पोटभर हुंडा पायजे! हुरडा काय, रानभर हाय! पेटवा रं आगटी!"

पण कुसुम हसली नाही. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. जो हरला तो नवरदेवच नव्हता, मग त्या शब्दाचं काय? आणि नेमकी तेव्हाच फाटकाशी बैलगाडी थांबली. खरे पाहुणे आले! खरा नवरदेव भरघोस मिशांचा, मनगटावर घड्याळ, खिशाला दोन पेनं. आपण फुकट हरलो, असं मला वाटलं.

"तात्या," आई हलकेच म्हणाली, "परक्या पोराला विचारू दिलंत. आता होणाऱ्या जावयाला सूट दिलीत तर लोक काय म्हणतील?"

भावकीनेही ते उचलून धरलं. फुकटची करमणूक कुणाला नको असते? तात्यांनी मिशी चावली, पण नाही म्हणता येईना. कुसुमने डोळे पुसले आणि विचारलं.

नवरदेवाने घड्याळात पाहिलं. दुणे ओलांडलं. आणि दोन पेनांसकट तो त्रिकाला अडकला.

त्रिकाला! म्हणजे मी दुसरा आलो होतो! शाळेत कशातच दुसरा न आलेला मी त्या मळ्यावर दुसरा आलो. "आमच्या हापिसात पाढ्याचं काम नस्तं," असं नवरदेव म्हणत राहिला. तात्या मात्र उठले आणि कुसुमच्या डोक्यावर हात ठेवून भरल्या आवाजात म्हणाले, "हो बाई म्याट्रिक. दिला शबूद त्यो दिला." त्या क्षणी तो माणूस मला सगळ्या फेट्यांपेक्षा उंच वाटला. त्यांनी रुसलेल्या पाहुण्यांनाही हाताला धरून आगटीभोवती बसवलं, आणि लसणाची चटणी लावून गरम हुरडा आम्ही सगळ्यांनी मांडीला मांडी लावून खाल्ला. दुपारी काळे सायकलवरून धापा टाकत आम्हाला शोधत आले, त्यांनीही खाल्ला. शेजाऱ्यांसाठी पिशवीभर बांधून मिळाला तो वेगळाच.

कुसुम पुढे पहिल्याच फटक्यात मॅट्रिक झाली. काळ्यांनी बातमी आणली तेव्हा अण्णांनी कचेरीत पेढे वाटले. (मी झालो तेव्हा बत्तासे.)

काही वर्षांनी मी खरोखरीच मुली पाहायला जाऊ लागलो. प्रत्येक घरी पोहे यायच्या आधीच आई विचारायची, "मुलीला पाढे कुठपर्यंत येतात हो?" लोकांना केवढं कौतुक वाटायचं! काय सुधारलेली सासू आहे, म्हणायचे. आणि 'तिसापर्यंत' असं उत्तर आलं, की आम्ही चहासुद्धा न घेता उठायचो.