डीपीतला सुपरहिरो

सातव्या मिनिटाला आमच्या सुपरहिरोने डीपीत हात घातला आणि वर्गातली सगळी मुलं उभी राहिली. डीपी म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरजवळची फ्यूजची पेटी. पडद्यावर निळा लोळ उठला, साधासुधा गणू 'वीजवीर' झाला आणि उसाच्या फडावरून उडाला. मुलांनी बाकं बडवली. मी आमच्या स्टुडिओचे मालक सलीमसरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला होता.

शाळा श्रीगोंद्याजवळच्या एका गावातली. नगरच्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत मी दिग्दर्शक. मुंबईच्या एका चॅनेलसाठी आम्ही अकरा मिनिटांचा पायलट केला होता. पायलट म्हणजे मालिकेचा नमुना भाग. तो पसंत पडला तरच पुढचे भाग मिळतात. पाठवायला नऊ दिवस होते, म्हणून आधी मुलांना दाखवत होतो.

शो संपला. प्रोजेक्टरला कनेक्शन देणारे वायरमन पोपटराव व्हरांड्यात वायर गुंडाळत होते. अचानक ते ओरडले. मी बाहेर धावले. मीटरची पेटी उघडी होती आणि त्यांनी दुसरीतल्या एका मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"काय करत होतीस गं?" मी विचारलं.

"मला बी उडायचंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.



पोपटरावांनी आधी पेटी बंद केली. मग म्हणाले, "पेटी उघडी राहिली, ही माझी चूक. पन मॅडम, आज मी इथं हुतो. घरोघरी टीव्हीपुढं कोन बसनार हाय? करंट लागला की मानूस उडत न्हाई, चिकटतो."

गाडीत बसल्यावर मी सरांना म्हटलं, "तो सीन काढायचा."

"चॅनेलला स्क्रिप्टमध्ये तोच तर आवडलाय."

"त्या मुलीलाही तोच आवडला, सर."

 सरांनी चॅनेलच्या मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या, "खाली सूचना टाका ना, घरी करून पाहू नये म्हणून."

"ती दुसरीत आहे," मी म्हटलं. "सूचना वाचून होईपर्यंत तिचा हात पेटीत गेला असता."

"ठीक आहे, बदला. पण तारीख बदलणार नाही."

सीन चाळीस सेकंदांचा. आमच्याकडे एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. शिवाय नवी बॅकग्राउंड, नवा आवाज. आठ दिवसांत पाच आर्टिस्टना झेपेल असा एकच मार्ग निघाला. आकाशातून उल्का पडते, गणूच्या अंगावर उजेड येतो, गणू उडतो. उल्का काढायला सोपी, आणि मुलांना ती मीटरच्या पेटीत सापडत नाही. कल्पना जुनीपुराणी होती, हे टीममधल्या प्रत्येकाला माहीत होतं. जुना सीन ज्याने जीव ओतून केला होता, त्या संदीपने स्वतःच ती फाइल टाइमलाइनवरून काढली.

पायलट वेळेवर गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ॲनिमेशन उत्तम, पण हिरोला शक्ती मिळते तो प्रसंग फार ओळखीचा वाटतो. मालिका मंजूर झाली नाही.

सलीमसर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी एका बियाणे कंपनीच्या जाहिरातीच्या कच्च्या चित्रांचा स्टोरीबोर्ड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "बघा, यात काही पेटीबिटी नाही ना."

मला वाईट वाटलं. दीड वर्षाचं काम होतं ते. तरी तो सीन परत घालावा, असं एकदाही वाटलं नाही.

आता स्क्रिप्ट हातात आली की मी आधी एकच गोष्ट तपासते: सात वर्षांचं मूल यातलं काय करून पाहील? चित्रं काढून झाल्यावर हे तपासायला घेतलं, तर उल्का पाडावी लागते.