फाइलमधून काढलेले रिपोर्ट

कपाट आवरताना निळी फाइल हाती आली. तुमच्या आजोबांचं लिव्हर फार खराब झालं होतं आणि त्यापायी हृदयही थकलं होतं. भेटायला येणारे पाहुणे फाइल चाळत. लिव्हर म्हटलं की दारूच समजतील, म्हणून मी ते रिपोर्ट काढून ठेवले. हृदय दाखवायला नांदेडला गेलो, तेव्हा नव्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही आजार?" मी "नाही" म्हणाले. आजोबा धापा टाकत म्हणाले, "लिव्हर बी गेलंय, साहेब. थेंब घेतला न्हाई कधी, पण हिला पाहुण्यांची लई भीती." डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली, त्यातली एक गोळी आजोबांच्या जिवावर बेतली असती. जिना उतरताना आजोबांनी माझ्याच खांद्याचा आधार घेतला. ते रिपोर्ट आता फाइलीत सगळ्यात वर आहेत, तरी ती उघडताना माझी मान अजून खाली जाते.