गिलचं शेत, टूमीचा बाक

शनिवारच्या टेबलावर झालेलं टेबलावरच ठेवायचं, असं मी दर आठवड्याला ठरवते आणि रविवारी पोळ्या लाटताना आईला सांगून मोकळी होते. असे किस्से साठत गेले की एकटीने सांभाळता येत नाहीत.

टेबल आहे पार्सिपनीजवळच्या एका लायब्ररीत. आयर्लंडमध्ये स्थानिक इतिहास शिकून मी घरी परत आले आणि तिथे व्हॉलंटियर करायला लागले. ज्यांचे पणजोबा आयर्लंडहून बोटीने इकडे अमेरिकेत आले असे आजी-आजोबा येतात. तिकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि जमिनीची जुनी रेकॉर्ड्स यांचे स्कॅन आम्ही मिळून वाचतो. माणसाला आपलं खरं काय ते कळलंच पाहिजे, मग ते कसंही असो, यावर माझा पक्का विश्वास आहे.

आईचा नाही. ती म्हणते, "जगाचे पूर्वज शोधतेस. तुझ्या आजोबांच्या आजोबांचं नाव काय, सांग बघू."

ते मला अजून सांगता आलेलं नाही.

*

पहिला फटका टॉमला बसला. टॉम निवृत्त फायरमन. पणजोबांचं नाव मायकल. त्यांची जन्मतारीख त्याने स्वतः शोधली होती आणि दंडावर टॅटू करून घेतली होती. बाही वर करून सगळ्यांना दाखवायचा.

मी तेच रजिस्टर पुढे वाचत गेले. दोन पानांनंतर तेच आईवडील, आणि पुन्हा मायकल. तिकडे मूल दगावलं की पुढच्या मुलाला बरेचदा तेच नाव ठेवत. टॉमचे पणजोबा हे दुसरे.

मी सांगितलं. टॉम दंडाकडे बघत राहिला.

"मग हा कोण?"

"पणजोबांचा मोठा भाऊ. तान्हेपणीच गेला."

त्याने बाही खाली ओढली आणि निघून गेला. हा आता येत नाही, असं मी धरूनच चालले. पुढच्या शनिवारी आला तो दंडावर दुसरी तारीख घेऊन. पहिली तशीच होती.

"असू दे," म्हणाला. "त्याला दुसरं कोण आहे?"

*

खिडकीखाली, हीटरला लागून, दोघांपुरता एक बाक आहे. त्यावर आयलीन टूमी बसते आणि शेजारी तिची पिशवी. आयलीन ऐंशीच्या पुढची, जन्मभर शाळेत शिकवलेली. तिच्याच वयाची मॉरीन गिल समोर लाकडी खुर्चीवर गुडघे चोळत बसते.

"पिशवीला थंडी वाजते का गं?" मॉरीन विचारते.

"पिशवी आधी आली होती."

हे दर शनिवारी. एकदा बाप्तिस्म्याच्या नोंदींत निघालं की दोघींची घराणी एकाच गावातली. मॉरीनच्या आजीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेणारी धर्ममाता टूमींच्या घरातली. त्या दिवशी दोघींनी आयर्लंडची जूनची तिकिटं काढली, शेजारशेजारच्या सीट्स.

मॉरीनला तिकडे एकच गोष्ट करायची होती. तिच्या पणजोबांना जमीनदाराने शेतावरून हुसकलं होतं आणि ते शेत शेजाऱ्याने घेतलं होतं. दर ख्रिसमसला तिचे वडील हे सांगायचे, शेजाऱ्याचं नाव मात्र कधी घेत नसत.

"त्या शेतात उभी राहणार," ती म्हणाली, "आणि ज्याने ते घेतलं त्याच्या दारात थुंकणार."

"मी तुझा कोट धरीन," आयलीन म्हणाली.

*

ते शेत मला सापडलं तेव्हा मोहनकाका मागे उभे होते. काका बाबांचे मित्र. अमरावतीजवळच्या जमिनीवरून भावांशी त्यांची केस चालू आहे. लायब्ररीत पेपर वाचायला येतात आणि आमच्यात डोकावतात.

त्या जमीन-रेकॉर्डात कसणारा बदलला की कारकून जुनं नाव खोडून वर वेगळ्या शाईने नवं लिहीत असे. काका वाकून म्हणाले, "हा तर आपला फेरफार. नाव खोडलंय तिथे कोणीतरी रडलेलं असतं."

खोडलेलं नाव गिल होतं.

"वरचं काय आहे?" मॉरीनने विचारलं. "मला दिसत नाही."

मला दिसत होतं. आयलीन कॉफी आणायला गेली होती. शाई फिकी आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. काका मराठीत हळूच म्हणाले, "आज राहू दे, पोरी."

मी स्क्रीनवर ते नाव मोठं केलं. आयलीन दोन्ही कप घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. वर्गात हजेरी घ्यावी तसं तिनेच वाचलं.

"जेम्स टूमी." मग म्हणाली, "माझे पणजोबा."

मॉरीन वळली नाही. "तुमच्या घरी काय सांगायचे?"

"शेत कष्टाने मिळवलं, म्हणून."

"कोणाच्या?"

मॉरीनने कोट घातला आणि गेली. तिचा कप टेबलावर तसाच निवला.

*

रविवारी आईने विचारलं, "झालं समाधान?"

"आई, ते खरं होतं."

"मी खोटं कुठे म्हटलं? भाजी घे."

पुढच्या शनिवारी दोघीही आल्या नाहीत. मॉरीन तिकीट कॅन्सल करायची चौकशी करत होती, असं टॉमने सांगितलं. बाक रिकामा होता. त्यावर कोणी बसलं नाही.

*

त्याच्या पुढच्या शनिवारी लायब्ररी उघडायच्या आधीच मॉरीन दारात उभी होती. माझ्याशी न बोलता आत गेली, सरळ खिडकीखालच्या बाकावर बसली आणि शेजारी स्वतःची पिशवी ठेवली.

थोड्या वेळाने आयलीन आली. टॉमने वाचायचं थांबवलं. मोहनकाकांनी पेपर खाली केला. आयलीन बाकासमोर उभी राहिली, अंगात कोट, हातात हातमोजे.

"नोटीस तरी द्यायचीस," ती म्हणाली.

"तुम्ही लोकांनी दिली होती?"

आयलीन जागची हलली नाही.

मग मॉरीनने पिशवी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.